शिस्त रोलमध्ये नव्हतीच

डिजिटल कॅमेऱ्यावर फिल्मसारखी शिस्त पाळायची की नाही, हा वाद गेली काही वर्षं सारखा कानावर येतोय. म्हणजे कॅमेरा डिजिटलच घ्यायचा, पण एका वेळी फिल्मच्या एका रोलइतके, म्हणजे ३६च फोटो काढायचे, मागचा स्क्रीन बंद ठेवायचा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) एकच, लेन्स एकच, आणि घरी आल्यावरसुद्धा लगेच काही बघायचं नाही. एका बाजूचे लोक म्हणतात की हे सोंग आहे, खरी शिस्त हवी तर खरा रोल भरा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की हा नुसता जुन्या काळाचा उमाळा आहे, कार्डात हजारो फोटो मावत असताना हात आखडता कशाला घ्यायचा. दोघंही तावातावाने बोलतात आणि माझ्या मते दोघंही एकच गोष्ट न तपासता धरून चाललेत, ती म्हणजे ही शिस्त फिल्ममध्ये होती. फिल्ममध्ये खर्च होता, मर्यादा होती, वाट बघायची सक्ती होती. त्या सक्तीतून काही लोकांनी स्वतःला शिस्त लावून घेतली, बाकीच्यांनी नाही लावून घेतली. म्हणूनच ती डिजिटलवर पाळता येते, पाळावी, आणि खरं तर तिथेच ती जास्त खरी होते असं मला मनापासून वाटतं. फक्त जुन्या पद्धतीतलं नेमकं काय उचलायचं आणि काय तिथेच सोडून द्यायचं, हे बहुतेकांचं चुकतं, माझंही बराच काळ चुकलं.

आधी तो इतिहास बघू, कारण त्याच्या नावाने फार काही खपवलं जातं. फिल्मच्या काळात लोक मोजून मापून, विचार करून, थोडेच फोटो काढायचे असं आपण अगदी सहज म्हणतो. कोण काढायचं? रॉबर्ट फ्रँक हा फोटोग्राफर १९५५ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप ही शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकाभर फिरला, त्या प्रवासात त्याने साधारण २८,००० फ्रेम काढल्या, आणि त्यातून ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात आले ८३ फोटो. हिशोब केला तर एका फोटोमागे नऊहून जास्त रोल. याला कोणी हात आखडता म्हणेल का? आणि तरीही ते पुस्तक बेशिस्त आहे असं म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही, कारण शिस्त होती ती नंतरच्या निवडीत, हजारभर प्रिंट काढून, भिंतीवर लावून, महिनोन् महिने बघत बसण्यात. प्रेस फोटोग्राफर मोटरड्राइव्ह, म्हणजे फिल्म आपोआप पुढे सरकवणारी मोटर, वापरायचे, निकॉन एफ कॅमेऱ्याला तर एका दमात २५० फ्रेम काढता येतील असं मागचं झाकण मिळायचं. म्हणजे आज आपण ज्याला बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढणं, म्हणतो आणि डिजिटलचं पाप म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, ते फिल्मवाले पैसे ओतून करतच होते.

आणि गॅरी विनोग्रँड. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा मागे जवळपास २,५०० रोल असे सापडले की ते काढलेले होते पण धुतलेलेच नव्हते. त्याशिवाय आणखी साडेसहा हजार रोल धुतलेले, पण त्यांची काँटॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र दाखवणारा कागद, काढलेली नव्हती. एवढा मोठा फोटोग्राफर, ज्याच्या नजरेबद्दल कुणाला शंका नाही, त्याच्या शेवटच्या वर्षांतले लाखो फोटो त्याने स्वतः कधी बघितलेच नाहीत. हे सगळं फिल्मवर झालं. प्रत्येक फ्रेमला पैसे पडत होते, ३६ झाल्या की रोल बदलावा लागत होता, स्क्रीन नव्हता, सगळी बंधनं जागच्या जागी होती. मग त्या बंधनांनी त्याला थांबवलं का? नाही थांबवलं. फिल्म भरली की शिस्त आपोआप येते असं सांगणाऱ्यांनी या एका उदाहरणापाशी थोडं थांबावं, एवढीच माझी विनंती आहे.

आता उलट बाजूचं उदाहरण, जे फिल्मवाले नेहमी देतात. अँसेल अॅडम्सचा अमेरिकेतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो, १ नोव्हेंबर १९४१. गाडीतून जाताना त्याला ते दृश्य दिसलं, मावळतीचं शेवटचं ऊन कबरींवरच्या क्रुसांवर पडलेलं, वर चंद्र, आणि त्याला लाइट मीटर (उजेड मोजायचं यंत्र) सापडेना. चंद्राची प्रकाशमानता त्याला पाठ होती, दर चौरस फुटाला २५० कँडल, त्यावरून त्याने मनातल्या मनात एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, काढलं आणि ८ बाय १० च्या मोठ्या कॅमेऱ्यावर एक फोटो घेतला. एकच फोटो, बघा केवढी शिस्त, असं म्हणून ही गोष्ट सांगतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याने लगेच फिल्म होल्डर (त्याच्या दोन बाजूंना एकेक फिल्म असते) उलटा केला, कारण त्याला दुसरी फ्रेम घ्यायची होती, आणि तेवढ्यात ऊन गेलं. म्हणजे एकावर थांबणं ही त्याची निवड नव्हती, मिळाली असती तर त्याने दुसरी नक्की घेतली असती. त्याची शिस्त कुठे होती? शटर दाबायच्या आधी. निगेटिव्हवर चंद्र किती गडद उमटेल, खालची झुडपं किती येतील, प्रिंटमध्ये आकाश किती काळं करायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात त्या काही सेकंदांत तयार होतं, कारण ते त्याने आधी वर्षानुवर्षं घोटलेलं होतं.

तर माझं म्हणणं असं की शिस्त तीन ठिकाणी असते. शटर दाबायच्या आधीच्या निर्णयात, दाबल्यानंतर स्वतःला आवरण्यात, आणि खूप नंतर निवडताना. मोजणी हे पहिल्या ठिकाणी पोचायचं एक साधन आहे, बास.

आता सोंगाच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो मला खरोखर गंभीर वाटतो. आक्षेप असा की डिजिटलवर ३६ ची मर्यादा तुम्ही स्वतः घातली आहे, ती कधीही मोडता येते, सदतिसावा फोटो काढायला तुम्हाला कोण अडवणार आहे? जी मर्यादा एका बोटाने मोडते तिला मर्यादा कशाला म्हणायचं? यात तथ्य आहे. मी सुरुवात केली तेव्हा पहिले कित्येक दिवस मी ती मोडतच होतो, पंचवीस-तीस झाले की काहीतरी सुंदर दिसायचं आणि मी मनाशी म्हणायचो आज अपवाद, आणि दुसऱ्या दिवशी परत अपवाद. रोल असता तर हे झालं नसतं. हे मी मान्य करतो.

पण मग शिस्त या शब्दाचा अर्थ काय धरायचा? घसा बसला म्हणून गप्प बसलेला माणूस मौन पाळत नसतो. खिशात दमडी नाही म्हणून खर्च न करणाऱ्याला आपण काटकसरी म्हणत नाही. बोलता येत असताना न बोलणं, खर्च करता येत असताना न करणं, याला काहीतरी किंमत आहे कारण तिथे दर क्षणी दुसरा रस्ता उघडा असतो आणि माणूस तो घेत नाही. रोल संपला म्हणून थांबलो यात माझं काय कर्तृत्व? कार्डात अजून दोन हजार फोटोंची जागा आहे, समोर दृश्य बरं आहे पण नुसतं बरं आहे, आणि मी कॅमेरा खाली घेतला, हे मात्र माझं आहे. जी शिस्त मोडता येते तीच अंगी मुरते, कारण ती बाहेरून काढून घ्यायला कोणी ठेवलेलीच नसते. कवितेचंच बघा ना. शार्दूलविक्रीडित वृत्तात लिहायचं म्हणजे ओळीला १९ अक्षरं, आणि लघु-गुरूचा क्रम ठरलेला. कवीचा हात कोण धरतं? विसावं अक्षर घालायला काय लागतं? मुक्तछंद समोर उभा आहे, त्यात उत्तम कविता झाल्या आहेत आणि होतील. तरीही ज्याने कधीकाळी वृत्तात बसून शब्द फिरवले, तोडले, टाकून दिले, त्याचा मुक्तछंदसुद्धा वेगळा वाजतो, हे कविता वाचणाऱ्या कोणालाही कानाने कळतं. वृत्ताला कोणी सोंग म्हणत नाही. मग छत्तिसाला का म्हणायचं?

यापेक्षा जड आक्षेप दुसरा आहे आणि तो विरुद्ध बाजूने येतो. डिजिटलचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे लगेच दिसणारा निकाल. चूक केली, लगेच दिसली, सुधारली, परत काढला. फिल्मवर हेच शिकायला आठवडे जायचे, रोल धुवून येईपर्यंत कुठल्या फ्रेमला काय सेटिंग होतं तेही आठवायचं नाही, वहीत लिहून ठेवावं लागायचं. अशा वेळी मुद्दाम स्क्रीन बंद करणं म्हणजे शिकण्याचा वेग स्वतःहून मारणं नाही का? याला माझं उत्तर असं आहे की नवीन शिकणाऱ्यासाठी ते शंभर टक्के खरं आहे. ज्याला अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) बदलल्यावर मागचं दृश्य किती धूसर होतं हे अजून डोळ्याला माहीत नाही, फ्लॅश कुठे पडतो कळत नाही, त्याने स्क्रीन बंद अजिबात करू नये. त्याने हजारो फोटो काढावेत, प्रत्येक बघावा. कॅमेरा घेतल्या घेतल्या पहिल्या दिवसापासून ३६ मोजायला लावणाऱ्या शिक्षकांशी माझं अजिबात पटत नाही.

आणि आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी, जी फिल्मवाले सहसा सांगत नाहीत. लगेच निकाल बघणं हे डिजिटलने आणलेलं नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची, म्हणजे वेट कोलोडियनची पद्धत आणली, त्यात काचेवर लेप द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, तिथल्या तिथे ती काच धुवायची. त्यामुळे ते लोक तंबू घेऊन फिरायचे आणि निगेटिव्ह जागेवरच हातात घेऊन बघायचे, बिघडली असेल तर तिथेच परत काढायचे. पुढे १९४८ मध्ये पोलरॉइड बाजारात आला आणि मग स्टुडिओतले व्यावसायिक लोक आधी पोलरॉइडवर चाचणी फोटो काढून मगच फिल्मवर काढायला लागले. अँसेल अॅडम्स स्वतः पोलरॉइडचा सल्लागार होता. म्हणजे न बघता काढणं हा फोटोग्राफीचा मूळ धर्म होता आणि डिजिटलने तो बाटवला, ही समजूतच चुकीची आहे. मधल्या काही दशकांत बघता येत नव्हतं, एवढंच.

मग मी तरी बघू नका असं का म्हणतोय? कारण निकाल दोन प्रकारचा असतो आणि या वादात ते दोन्ही एकत्र कालवले जातात. एक निकाल तंत्राचा, फोकस लागला का, उजेड जास्त झाला का. तो लगेच मिळावा, जेवढा लवकर तेवढा चांगला. दुसरा निकाल फोटोचा, म्हणजे हे चित्र झालं का. हा दुसरा निकाल हाताएवढ्या कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या स्क्रीनवर, उन्हात, धडधडत्या छातीने, दृश्य अजून समोर चालू असताना देता येतो का? मला तरी नाही येत. त्या क्षणी आपल्याला फोटो दिसतच नाही, आपल्याला आठवतंय ते दिसतं. आवडला तर आपण तिथेच थांबतो, आता मिळाला म्हणून, आणि नाही आवडला तर तोच फोटो दहा वेळा काढत बसतो. दोन्ही वेळेला समोर काय बदलतंय याच्यावरची नजर हटलेली असते. मान खाली गेली की माणूस तिथून निघून गेलेला असतो, शरीर फक्त उभं असतं. आणि आता तर मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजर कसं येणार हे दाबायच्या आधीच दिसतं, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, तोही तिथेच दिसतो. काही जण म्हणतात आता सगळं आधीच दिसतंय तर फिल्मच्या शिस्तीचं काम काय उरलं. मला बरोबर उलटं वाटतं. तंत्राचा निकाल आधीच मिळाला, म्हणजे दाबल्यानंतर मान खाली घालायचं शेवटचं प्रामाणिक कारणही गेलं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण फिल्मचं काय उचलू नये हे मी त्यातून शिकलो. निगेटिव्ह फिल्म वापरणारे लोक बऱ्याचदा मुद्दाम एखादा स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड देतात. मीही तसंच करायला लागलो, हिस्टोग्राम बघायचा नाही कारण फिल्मला कुठे हिस्टोग्राम होता, अशा भावनेने. एका ढगाळ सकाळी फार मन लावून ३६ फोटो काढले, दहा दिवस बघितले नाहीत, आणि उघडले तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं आकाश पांढरंफटक. ढगांचा एक पदरसुद्धा शिल्लक नाही. त्या सकाळच्या ढगांसाठी तर मी थांबलो होतो. आजही त्याचं वाईट वाटतं. झालं असं की मी सवय उचलली पण सवयीमागचं कारण नाही उचललं. कलर निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप जास्त उजेड पोटात घालते, वरचे, म्हणजे उजळ टोन हळूहळू दाबले जातात, एकदम तुटत नाहीत. तिला धोका असतो कमी उजेडाचा, म्हणून जुना नियम होता की एक्स्पोजर सावल्यांसाठी द्या. डिजिटल सेन्सरचं उलटं आहे. पिक्सेल एकदा भरला की भरला, त्याच्यापुढे काही नोंदवलंच जात नाही, पण सावल्यांतून नंतर बरंच काही वर काढता येतं. तेव्हा फिल्मकडूनच शिकायचं तर निगेटिव्हवाल्यांकडून नाही, स्लाइड फिल्म (जिच्यावर उलटं नाही, सरळ चित्रच उमटतं) वापरणाऱ्यांकडून शिकायला पाहिजे. स्लाइडला अर्धा स्टॉप इकडे तिकडे झालेला चालत नसे, हायलाइट, म्हणजे उजळ भाग, गेला की गेला. म्हणून ते लोक स्पॉट मीटर घेऊन एकेक कोपरा मोजायचे, शंका असेल तर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने दोन-तीन फ्रेम जास्त काढायचे. फिल्मवर हे मोजमाप इतकं होतं, आणि आपण फिल्मच्या नावाने मोजमापच सोडून देतो, याला शिस्त कसं म्हणायचं?

काही कामांना ही पद्धत लागू नाही हे सांगून टाकतो. उडता पक्षी, खेळ, पळणारी मुलं. डोळ्याला जे दिसतच नाही ते ठरवून कसं काढणार? १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवलं ते १२ कॅमेरे ओळीने लावून, एका फ्रेमवर भरवसा ठेवून नाही. तसंच ज्यांचं पोट याच्यावर आहे, ज्यांना परत न होणारा दुसऱ्याचा समारंभ टिपायचा आहे, त्यांनी दोन कार्डं घालावीत, दर थोड्या वेळाने तपासावं, हवे तेवढे काढावेत. दुसऱ्याच्या आठवणीवर आपला रियाज करू नये. मी बोलतोय ते रियाजाबद्दल.

आणि ३६ या आकड्यात काही दैवी आहे असंही नाही. १८८८ चा पहिला कोडॅक १०० फोटोंचा रोल भरूनच यायचा. लायका १९२५ मध्ये बाजारात आला तेव्हापासून ३६ रुळला. १२० नावाच्या रुंद फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या १२ फ्रेम, अर्ध्या आकाराच्या हाफ फ्रेमवर ७२, आणि मोठ्या कॅमेऱ्याच्या होल्डरमध्ये दोन, एक या बाजूला एक त्या बाजूला. यातली खरी फिल्मची शिस्त कुठली? लायकासारखा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आला तेव्हा मोठे कॅमेरेवाले त्याला मिनिएचर म्हणायचे, त्यांना तो खेळण्यासारखा वाटायचा. आज ज्याला आपण संयमाचं माप मानतो तोच ३६ चा रोल त्या काळी उधळेपणा होता! म्हणून मी आकड्यावर भांडत नाही. १२ घ्या, २४ घ्या. फक्त शेवट कुठेतरी असू द्या, कारण शेवट असला की मधल्या प्रत्येक फ्रेमला ती कितवी आहे याचा अर्थ येतो.

ज्याबद्दल मात्र मी भांडेन अशी गोष्ट म्हणजे डिलीट न करणं. या सगळ्या वादात मोजणीबद्दल लोक तासन्तास बोलतात, स्क्रीनबद्दल बोलतात, आणि काँटॅक्ट शीटबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही, आणि मला वाटतं फिल्मने फोटोग्राफरला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर ठेवून काढलेला तो एक कागद, ज्यावर सगळ्या फ्रेम, काढल्या त्याच क्रमाने, चांगल्या-वाईट सगळ्या. त्यातून एक फ्रेम गाळून टाकता यायची नाही. फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ ‘मायग्रंट मदर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या स्थलांतरित आईचे फोटो काढले, जगाला त्यातला एक माहीत आहे, मुलांनी तोंडं फिरवलेली आणि आईचा हात गालाशी. पण तिने थोड्याच मिनिटांत सहा-सात फ्रेम घेतल्या होत्या, लांबून सुरुवात करून हळूहळू जवळ जात. त्या सगळ्या फ्रेम शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या तर तिचे पाय कसे चालले, काय नको म्हणून तिने वगळत आणलं, हे दिसतं. तिने वाईट फ्रेम फाडून टाकल्या असत्या तर आपल्याला फक्त एक चमत्कार दिसला असता. चमत्काराकडून काय शिकणार?

डिजिटलवर आपण रोज हेच करतो. जागेवरच, अंगठ्याने, पुसून टाकतो. आणि त्याबरोबर आपण कसं बघितलं याचा पुरावाच पुसतो. मी आता काहीही पुसत नाही, आणि घरी सगळे ३६ एका पानावर छोटे-छोटे, क्रमाने लावतो. मागे एकदा दोन रंगारी भिंत रंगवत होते, एक शिडीवर, एक खाली. मी पाच फ्रेम काढल्या, आणि तिसऱ्यात तो वरचा माणूस मान वळवून बघतोय, तोच माझ्या मते फोटो होता. मग तो खाली उतरला, मला वाटलं संपलं, आणि कॅमेरा खाली घेता घेता आणखी एक फ्रेम पडली. दोन आठवड्यांनी सगळं पान समोर लावलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, पाचही फ्रेम एकाच जागेवरून होत्या. मी एक पाऊलही हललो नव्हतो, आणि काढताना मला ते कळलंसुद्धा नव्हतं. मागची पानं काढून बघितली तर तिथेही तेच, मी एकदा उभा राहिलो की तिथेच रुतून बसतो. दुसरी, ती चुकून पडलेली फ्रेम, रिकामी शिडी, अर्धी ओली भिंत, आणि कडेला खालच्या माणसाचा ब्रश धरलेला हात फक्त, ती त्या सगळ्यात चांगली होती. स्क्रीनवर बघितली असती तर तिथल्या तिथे उडवली असती. ही माझ्या नजरेची खोट मला कुठल्या शिक्षकाने दाखवली नाही, त्या पानाने दाखवली.

आता हा दोन आठवड्यांचा उशीर कशासाठी? विनोग्रँडचं मघाशी उदाहरण दिलं ते बेसुमारपणाचं, पण त्याचीच एक सवय मी मनापासून उचलली आहे. तो रोल मुद्दाम वर्षभर, कधी त्याहून जास्त, न धुता ठेवायचा, म्हणजे काढतानाची भावना निवून जावी आणि फोटो फोटो म्हणून बघता यावा. शेवटी-शेवटी ते त्याच्या हाताबाहेर गेलं, पण मूळ विचार पक्का होता. फोटो काढायला जेवढे कष्ट पडले तेवढा तो आपल्याला चांगला वाटतो, थंडीत पहाटे उठून काढलेला फोटो पहाटेच्या थंडीसकट आवडतो. बघणाऱ्याला ती थंडी लागत नाही. आपल्यालाही ती विसरायला वेळ द्यायला लागतो, आणि त्याला फिल्म कशाला पाहिजे? कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकायला काय अडचण आहे?

या शिस्तीचा बाजारही आता झालाय, आणि त्याबद्दल मला राग नाही. लायकाने मागे स्क्रीनच नसलेले डिजिटल कॅमेरे काढले, २०१४ मध्ये पहिल्यांदा आणि नंतरही. फुजीफिल्मने २०२५ मध्ये एक्स हाफ काढला, त्यात असा मोड आहे की ३६, ५४ किंवा ७२ फ्रेम पूर्ण होईपर्यंत फोटो बघताच येत नाहीत. ज्याला आधार लागतो त्याने घ्यावा. पण मला वाटतं यात आपण फिरून त्याच जागी येतो, सक्ती परत यंत्राकडे देतो आणि स्वतः मोकळे होतो. ज्याच्याकडे असा कॅमेरा नाही त्याचं काहीही अडत नाही. स्क्रीन बंद करायचा पर्याय बहुतेक कॅमेऱ्यांच्या मेन्यूत असतोच, नसेल तर कागद चिकटवा.

उलट एका बाबतीत डिजिटल फिल्मच्या पुढे आहे आणि हे फिल्मवाल्यांनी मान्य करायला हवं. ज्यांनी रोल वापरलेत त्यांना आठवत असेल, शेवटच्या चार-पाच फ्रेम कशाच्या असायच्या? रोल संपवायचा म्हणून काढलेल्या. खिडकी, टेबलावरचं काहीतरी, घरातल्या कुणालातरी बस तिथे म्हणून सांगून काढलेला, कारण धुवायला द्यायचा तर रोल संपायला हवा, अर्धवट देणं जिवावर यायचं. म्हणजे जी मर्यादा जास्त काढू देत नव्हती तीच कमीवर थांबूही देत नव्हती. कित्येक रोलांची शेपटं अशी वाया गेलेली मी बघितली आहेत. माझा या वेळचा संच ३१ वर थांबलाय. आठ दिवस कॅमेरा रोज बरोबर होता, दोनदा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला, बत्तिसावा काढावा असं काही दिसलं नाही. काल रात्री कार्ड काढलं, पाकिटात घातलं, वर तारीख आणि ३१ हा आकडा लिहिला, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.